तीन फुटांवरून दिसणारी लाल फौज: इई नाओमासाचे सामुराई कसे रंगवावेत

पहिला सामुराई रंगवायला मला अकरा रात्री लागल्या. २८ मिलिमीटरचा एवढासा जीव. त्याच्या चिलखताची दोरी न् दोरी वेगळी रंगवली, डोळ्यांत बुबुळं काढली, तलवारीच्या मुठीवरची वीणसुद्धा सोडली नाही. मग त्याला टेबलाच्या मधोमध ठेवलं, खुर्चीत मागे टेकलो आणि पाहिलं, तर तिथे एक काळपट ठिपका उभा होता. खोक्यात असे आणखी एकोणतीस शिल्लक होते.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेल्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. किल्ला चार पावलांवरून बघायचा असतो. तिथून मावळ्याची पगडी दिसते, ढाल दिसते. मिशीचा आकडा दिसत नाही. छोट्या मूर्तींच्या फौजा मांडून खेळायची टेबलावरची लढाईही आपण साधारण तीन फुटांवरून बघतो. सामुराई फौजेवर त्या अंतरावरून नजर टाकली की आधी पाठीवरची निशाणं दिसतात, मग शिरस्त्राणं, मग चिलखतांचा एकूण रंग. चेहरे, हात, पायताणं फार पुढची गोष्ट. खालची पद्धत या क्रमानेच वेळ खर्च करते. काचेच्या कपाटात ठेवायला एकच मूर्ती रंगवायची असेल, तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही.

आधी घराणं ठरवा, मग रंग उघडा

नवशिक्यांची चूक एकच असते. सामुराई म्हणजे रंगीबेरंगी, असं धरून प्रत्येकाला वेगळा रंग द्यायचा. एकेकटा शिपाई छान दिसतो, पण तीस एकत्र ठेवले की रंगपंचमी होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६०० पर्यंतचा जपान म्हणजे घराण्याघराण्यांच्या लढायांचा काळ. त्या गर्दीत आपला कोण आणि परका कोण हे ओळखू यावं, म्हणून तर पाठीवर निशाणं आली. तेव्हा एक घराणं निवडा आणि त्याला चिकटून राहा.

माझी शिफारस इई घराण्याची आहे. कारण थोडं ऐतिहासिक आहे आणि थोडं आळशीपणाचं. ताकेदा घराण्यात यामागाता मासाकागेची तुकडी लाल चिलखतांसाठी प्रसिद्ध होती. १५८२ मध्ये ताकेदा बुडाले, तेव्हा त्यांचे बरेच जुने लढवय्ये तोकुगावा इएयासु या बड्या सरदाराने आपल्याकडे घेतले, तरुण इई नाओमासाच्या हाताखाली दिले आणि लाल रंगाचा वारसाही त्यालाच दिला. १५८४ च्या कोमाकी-नागाकुते मोहिमेत ही लाल फौज गाजली आणि नाओमासाला ‘लाल राक्षस’ म्हणू लागले. पुढे २१ ऑक्टोबर १६०० ला सेकिगाहाराच्या लढाईला तोंड फोडलं तेही त्यानेच. मान दुसऱ्या सरदाराचा होता, हा धुक्यातून पुढे घुसला.

आता आळशीपणाचं कारण. सगळी फौज लाल असल्यामुळे रंगसंगतीचा विचार एकदाच करावा लागतो. शिवाय घराण्याची खूण म्हणजे विहिरीची चौकट: दोन उभ्या रेषा, दोन आडव्या. फुली-गोळ्याची चौकट ज्याला काढता येते, त्याला ही खूण काढता येते. तोकुगावांची तीन पानं किंवा उएसुगींच्या बांबूतल्या चिमण्या दहा मिलिमीटरच्या कागदावर हाताने काढून बघा, मग इईंची किंमत कळेल.

किती आणि कुठले

सेकिगाहाराला नाओमासाकडे सुमारे ३,६०० माणसं होती. मी एका मूर्तीला साठ माणसं धरली, म्हणजे साठ मूर्ती. त्यात चोवीस लांब भालेवाले, बारा बंदूकवाले, सहा तिरंदाज, बारा पायी सामुराई आणि सेनापती धरून सहा घोडेस्वार. ही विभागणी खेळाच्या सोयीची आहे. मुद्दा एवढाच, की सामान्य शिपाई, ज्यांना आशिगारू म्हणतात, ते दोन तृतीयांशांहून जास्त हवेत. सगळेच शिंगांची शिरस्त्राणं घातलेले सरदार घेतले तर ती फौज वाटत नाही, लग्नाची वरात वाटते.

पेरी मिनिएचर्सच्या धातूच्या मूर्ती मापात नेमक्या आणि डौलदार आहेत. वॉरलॉर्ड गेम्सचे प्लास्टिकचे संच स्वस्त पडतात आणि त्यात हातपाय बदलून जोडता येतात. झ्वेझ्दाचे १/७२ प्रमाणातले शिपाई त्याहून लहान असतात. जागा आणि पैसे दोन्ही कमी असतील तर तेही चालतील, फक्त दोन मापं एका टेबलावर मिसळू नका. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी जमेस धरा. हल्ली बरेच जण रेझिनवर थ्रीडी प्रिंट काढून घेतात. त्या नीट धुतलेल्या आणि पूर्ण कडक झालेल्या आहेत ना, हे बघूनच घ्या. चिकट रेझिनला उघड्या हाताने हात लावू नका.

रंगांसाठी व्हॅलेहो किंवा सिटाडेलसारखे मूर्तींसाठी बनवलेले ॲक्रिलिक घ्या, कारण त्यांचं रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं. चित्रकलेचे साधे ॲक्रिलिक जमिनीसाठी आणि झाडाझुडपांसाठी वापरा. माझ्या टेबलावर तिथे कॅम्लिन असतं. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या या कंपनीचा ताबा २०११ मध्ये जपानच्या कोकुयोकडे गेला, त्यामुळे सामुराईंच्या पायाखाली तो रंग वाईट दिसत नाही.

ब्रश दोनच: १ आणि २ नंबरचे, टोक शाबूत असलेले. शून्याच्या मागे तीन शून्यं असलेल्या ब्रशचा मोह टाळा. त्यात रंगच मावत नाही, मूर्तीपर्यंत नेईतो वाळतो. ओली पॅलेट मात्र हवीच. घट्ट झाकणाचा डबा, तळाला भिजवलेला स्पंज, त्यावर बटर पेपर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ही नसेल तर रंग पाच मिनिटांत साय धरतो.

जोडणी आणि प्रायमर

साच्याच्या कडा सुरीच्या पाठीने खरवडून काढा. शंकूच्या आकाराच्या टोपीवरून जाणारी रेघ सोडू नका, नजर नेमकी तिथेच जाते. मग भांड्यांच्या साबणाने धुऊन रात्रभर वाळवा.

भाल्यांचं वेगळं सांगायला हवं. आशिगारूंचे लांब भाले पाच मीटरच्या पुढे असत, म्हणजे आपल्या मापात जवळजवळ ९० मिलिमीटर. मऊ धातूचे भाले खेळताना वाकतात आणि सरळ करताना तुटतात. मी ते काढून टाकतो आणि पोलादी तार लावतो. तार नसेल तर खराट्याची काडी. ती ताठ असते आणि टोकाला आपोआप निमुळती होते. फक्त टोक बोटात घुसेल इतकं तासू नका.

निशाणं आत्ताच चिकटवू नका. पाठीवर त्यांच्यासाठी एक मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा. घोडा आणि स्वारही वेगळे रंगवा. मग दहा-बारा मूर्ती बाटल्यांच्या झाकणांवर चिकट पुट्टीने उभ्या करा. झाकण धरून रंगवायचं, मूर्तीला बोट लावायचं नाही.

प्रायमर, म्हणजे वरचा रंग धरून ठेवणारा पहिला थर, तपकिरी किंवा करडा घ्या, काळा नको. का ते लगेच सांगतो. डबा अर्धा मिनिट नव्हे, चांगली दोन मिनिटं हलवा. वीतभर अंतरावरून, थांबून थांबून, पातळ थर द्या. आणि पावसाळ्यात बाल्कनीत फवारू नका. एका जुलैत मला घाई झाली होती. हवा ओली, पाऊस नुकताच थांबलेला. चोवीस भालेवाले सकाळी पॉलिश पेपरसारखे खरखरीत निघाले आणि सगळे पुन्हा सोलून काढावे लागले. जून ते सप्टेंबर मी प्रायमरसुद्धा ब्रशने लावतो, दोन पातळ हात. वेळ जातो, पण शिपाई वाचतात.

लाल

लाल रंग दिसायला दांडगा असला तरी झाकण्यात कच्चा असतो. बहुतेक लाल रंगद्रव्यं अर्धपारदर्शक असतात, म्हणून काळ्यावर लाल दिला तर पाच थरांनंतरही तो सुकलेल्या मिरचीसारखा मळकट राहतो. तपकिरीवर दोन थरांत भागतं.

दुसरी गोष्ट छटेची. चिलखताच्या पत्र्यांवर आणि चामड्यावर लाखेसारख्या झाडाच्या चिकाचे थर चढवत आणि त्यात लालीसाठी हिंगूळ मिसळत. म्हणजे हा कुंकवाचा गर्द लाल नाही, थोडा शेंदराकडे झुकलेला आहे. हे डोक्यात ठेवून चार पायऱ्या:

पहिला थर तांबूस तपकिरी, व्हॅलेहोचा ‘कॅव्हलरी ब्राऊन’ चालेल. सगळ्या चिलखतावर, टोपीवर, हातापायांच्या पट्ट्यांवर सरसकट द्या. रंग ताकासारखा पातळ असावा. दह्यासारखा असेल तर पाणी घाला. दुसरी पायरी गडद तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत साचणारा अगदी पातळ रंग. तो खाचांत उतरू द्या, सपाट जागी डबकं साचलं तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. वॉश पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्ध्या वाळलेल्या वॉशवर ब्रश फिरवला की डाग पडतो आणि तो लपत नाही. तिसरी पायरी ‘फ्लॅट रेड’, फक्त उंच भागांवर, खाचा तशाच गडद सोडून. चौथी पायरी ‘व्हर्मिलियन’ची बारीक रेघ: टोपीच्या काठावर, छातीच्या पत्र्याच्या वरच्या कडेला, खांद्यावर.

उजळ करायला लालमध्ये पांढरा कधीही मिसळू नका. गुलाबी सामुराई होतो, आणि मग मित्र वर्षभर सोडत नाहीत. उजेड हवा तर नारिंगी मिसळा.

बारा आशिगारूंचं हे काम एकगठ्ठा करा. बाराही जणांवर एक पायरी पुरी झाली की मगच दुसरी. बाराव्याला तिसरा थर देईपर्यंत पहिला वाळलेला असतो. माझा एक गट चार संध्याकाळींत होतो, रोज दोन तास धरून. आशिगारूंना चिलखतं बहुधा मालकाकडून उसनी मिळत, एकाच साच्याची. त्यामुळे इथे सगळे सारखे दिसणं हा आळस नाही, इतिहास आहे.

दोऱ्या

सामुराई चिलखत ओळखू येतं ते दोऱ्यांमुळे. आडव्या पट्ट्या एकीखाली एक, आणि त्यांना उभ्या रेशमी किंवा सुती दोऱ्यांनी जोडलेलं. विणीचे दोन प्रकार मूर्तीवर स्पष्ट दिसतात आणि दोघांना दोन वेगळे उपाय लागतात.

आशिगारूंची आणि बहुतेक लढाऊ चिलखतांची वीण विरळ असते. मधे मोकळा पत्रा, आणि अधूनमधून जोडीजोडीने दोऱ्या. इथे लाल पूर्ण झाल्यावर फक्त उठावदार दोऱ्यांवर रंग टेकवायचा. ब्रश उभा धरा, टोकात रंग कमी, आणि ओढण्यापेक्षा टेकवा. रंग गडद निळा घ्या. हिकोनेच्या किल्ल्यावरच्या संग्रहालयात इई घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची लाल चिलखतं आहेत, त्यांत लालवर निळ्या दोऱ्यांची वीण दिसते. लाल-निळ्याचा हा मेळ तीन फुटांवरून खणखणीत ओळखू येतो. लालवर लाल दोऱ्या काढल्यात तर सगळी मेहनत वॉशखाली बुडते. एखादी दोरी चुकली तर तिच्या शेजारची लाल पट्टी पुन्हा ओढा. दोरी खोडण्यापेक्षा हे सोपं जातं.

मोठ्या सरदारांची वीण दाट असते. दोऱ्याच दोऱ्या, पत्रा जवळजवळ दिसतच नाही. इथे एकेक दोरी रंगवायला गेलात तर माझ्या त्या अकरा रात्री परत येतील. अख्खा भाग गडद निळा करा, काळा वॉश द्या, आणि वाळल्यावर थोड्या फिकट निळ्याने प्रत्येक आडव्या पट्टीच्या खालच्या कडेवर छोटे उभे फटकारे मारा. वरची कडा गडदच ठेवा. डोळा उरलेल्या दोऱ्या स्वतःच भरून घेतो.

कपडे, कातडी, बंदुका

इथे रेंगाळू नका. चिलखताखालचे कपडे मळखाऊ ठेवा: निळीत बुडवलेल्या कापडाचा फिका-गडद निळा, मातकट तपकिरी, कळकट पांढरा. एका गटात हे तीनच रंग आलटून पालटून द्या. गवती चपलांना वाळल्या पेंढ्याचा पिवळट रंग, वर तपकिरी वॉश. छातीवरून तिरपी जाणारी, गाठी मारलेली कापडी माळ दिसली तर ती शिध्याची असते. तिला कळकट पांढरा.

चेहऱ्याला उन्हात रापलेला गव्हाळ रंग द्या, तांबूस तपकिरी वॉश, मग नाक, गालफडं आणि बोटांची पेरं उजळ करा. आशिगारूंचे डोळे काढू नका. टोपीखाली सावलीच असते, आणि चुकलेले डोळे असलेला शिपाई भूत बघितल्यासारखा दिसतो.

बंदुकीची नळी काळपट लोखंडी, दस्ता गडद लाकडी, आणि पेटता तोडा कळकट पांढरा, टोकाला नारिंगी ठिपका. तोड्याची बंदूक जपानात १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर पोचली. तिचा चाप गोव्यात घडणाऱ्या बंदुकांच्या वाणाचा होता, असं अनेक शस्त्र-अभ्यासक मानतात. तो नारिंगी ठिपका देताना मला दर वेळी हे आठवतं, आणि दर वेळी एखादा ठिपका बाजूच्याच्या बाहीवर पडतो.

निशाणं

वाचलेला सगळा वेळ इथे घाला. साध्या कागदाचा तुकडा घ्या, दुमडून दोन्ही बाजू होतील असा. पाठीवरच्या निशाणासाठी दुमडल्यावर साधारण १० बाय १८ मिलिमीटर पुरे. आत फेव्हिकॉलचा पातळ थर, घडीत तार, आणि मग चिमटीत धरून दाबा. ओलं असतानाच हलकीशी लाट द्या. सगळ्या निशाणांची लाट एकाच दिशेला हवी. बारा शिपायांच्या पाठीवर बारा दिशांचा वारा मी एकदा वाहवला होता. या निशाणांना वरच्या कडेला आडवी काडी असते, त्यामुळे ती झेंड्यासारखी फडफडत नाहीत, ताठ उभी राहतात. वाकवताना खालचा कोपरा वाकवा, वरचा नाही.

छापील निशाणं वापरलीत तरी लाल रंग हाताने चढवा, नाहीतर छापील लाल आणि चिलखताचा लाल यांचं जमत नाही. कागदाची पांढरी कडा रंगवायला विसरू नका. तीन फुटांवरून सगळ्यात आधी तीच चमकते.

आता चौकट. सोनेरी रंग थेट लालवर बसत नाही, म्हणून आधी पिवळट मातीच्या रंगाने चार रेषा काढा: दोन आडव्या, मग दोन उभ्या. डावी उभी रेष खाली किंचित बाहेर झुकू द्या, ‘विहीर’ अर्थाच्या ज्या अक्षरावरून ही खूण आली त्यात ती तशीच असते. वरून सोनेरी फिरवा. सोनेरी ब्रश वेगळ्या पाण्यात धुवा, नाहीतर त्याची चकाकी पुढच्या प्रत्येक चेहऱ्यावर सापडेल. खूण छोट्या निशाणांवर चुकली तर फारसं बिघडत नाही. तुकडीच्या मोठ्या उभ्या झेंड्यावर मात्र पेन्सिलने आखून घ्या.

पायी सामुराई आणि सेनापती

आशिगारू सारखे, सामुराई वेगळे. पण वेगळेपणा लाल सोडून बाकीच्या जागांवर करा: म्यान काळं की तपकिरी, कपड्यावर नक्षी की साधं, मुखवट्याला पांढऱ्या मिशा की नुसता लाल. इईंच्या शिरस्त्राणांवर सोनेरी लांब शिंगं असतात. घराण्याच्या प्रमुखाची शिंगं शिरस्त्राणाच्या दोन बाजूंना, हाताखालच्यांची समोर कपाळावर. मूर्ती निवडताना हे बघितलंत तर सेनापती वेगळा रंगवावा लागत नाही, आकारावरूनच कळतो. हिकोने गावाचं शुभंकर असलेलं पांढरं मांजर हेच शिंगांचं लाल शिरस्त्राण घालून हिंडतं. शिंगं कशी बसतात याबद्दल शंका आली की मी त्याचे फोटो बघतो.

घोड्यांबद्दल एकच. तिथले घोडे ठेंगणे, तट्टाच्या अंगाचे असत. मूर्तीत ते बहुधा उंच घडवलेले असतात. बदामी आणि तांबड्या रंगात ठेवले तर उंची कमी जाणवते.

जमीन आणि वॉर्निश

हिरवंगार गवत लावू नका. सेकिगाहाराची लढाई ऑक्टोबरात झाली, आदल्या रात्री पाऊस पडला होता आणि सकाळी धुकं होतं. तेव्हा तळावर बारीक वाळू फेव्हिकॉलने चिकटवा, गडद तपकिरी रंगवा, फिका मातकट रंग कोरड्या ब्रशने फिरवा, आणि वाळक्या गवताचे दोन-तीन पुंजके. पडलेल्या पानांसाठी उकळून, धुऊन, कडकडीत वाळवलेली चहाची पूड चालते. वरून पातळ फेव्हिकॉल द्यायलाच हवं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते. दोन पावलांजवळ चमकदार वॉर्निशचा थेंब टाकला की चिखल होतो.

शेवटी सगळ्यांवर मॅट वॉर्निश, कोरड्या दिवशी. ते पक्कं वाळलं की चिलखतांवर आणि टोप्यांवर ब्रशने अर्धचमकदार वॉर्निश पुन्हा फिरवा. कापड मंद आणि चिलखत लाखेसारखं तुकतुकीत, एवढ्या फरकाने मूर्ती एकदम महाग वाटते. सोनेरी शिंगांवरही तेच फिरवा, मॅटने ती निस्तेज झालेली असतात.

निशाणं सगळ्यात शेवटी बसवा, पाठीतल्या भोकात, घट्ट पण न चिकटवता. मग ती काढून ठेवता येतात. तळाखाली छोटं चुंबक लावलंत तर पत्र्याचा मिठाईचा डबा पेटी म्हणून चालतो. फक्त डबा विकत घ्यायला जाताना एक भालेवाला खिशात टाकून न्या, आणि झाकण लागतंय का ते दुकानातच बघा.